खोली खाली गेली, ओल वर आली
रिकाम्या ओल्या खोलीवर पैसे घालण्याआधी वाचा



बोईसर, सरावली, खैरापाडा, कुरगाव, पास्थळ या भागात आपल्या बऱ्याच जणींच्या घरी एखादी तरी खोली बंद पडलेली असते. सासऱ्यांच्या काळात बांधलेली, मागच्या बाजूची, नाहीतर चाळीतली पहिली. त्यात फुटकी बादली, जुने पत्रे, लाकडं आणि गणपतीचा पाट. दार उघडलं की कुबट वास. भिंतीला हात लावला की गार, आणि बोटाला पांढरी पूड.

आणि एक विचार सगळ्यांच्या मनात असतो. तारापूर एमआयडीसीत कामाला येणारी माणसं खोली शोधत फिरतात. ही खोली नीट केली तर महिन्याला भाडं येईल, किंवा निदान मोठ्या मुलीला अभ्यासाला जागा होईल. मग समूहात कर्जाचा अर्ज येतो, ‘खोली दुरुस्ती’.

हा लेख त्या अर्जाच्या आधी वाचायचा आहे. ओल्या खोलीवर घातलेले पैसे दोन प्रकारे जातात. एक, पाणी कुठून येतं ते शोधलं आणि त्याची वाट बदलली तर खोली राहण्यासारखी होते. दोन, आतून नवा गिलावा, टाइल्स आणि चकचकीत रंग लावला तर दिवाळीला खोली छान दिसते आणि पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे पडतात. कर्जाचा हप्ता मात्र दोन्हीकडे सारखाच.

आपली खोली तळघर कशी झाली?

थंडीच्या देशांत घराखाली तळघर बांधतात आणि पुढे लोक त्याचीच राहायची खोली करतात. आपल्याकडे तळघर कोणी बांधत नाही. पण आपल्या खोल्या आपोआप तळघर होतात, आणि ते तीन तऱ्हांनी होतं.

पहिली तऱ्हा रस्त्याची. खोली बांधली तेव्हा दोन पायऱ्या चढून आत जायला लागायचं. मग रस्त्यावर खडी पडली, डांबर पडलं, पुन्हा डांबर, मग काँक्रीट. दर वेळी जुना थर न काढता वर नवा थर. आज त्याच खोलीत एक पायरी उतरून जावं लागतं. खोली खचलेली नाही, रस्ता वर आला.

दुसरी तऱ्हा उताराची. मनोर, विक्रमगड, जव्हारकडे घर टेकाडाला लागून असतं. मागची भिंत बाहेरून कमरेपर्यंत मातीत गाडलेली. पावसाळाभर टेकाडाचं पाणी त्या भिंतीला टेकून बसतं.

तिसरी तऱ्हा भरावाची. किनाऱ्याकडे खाजणात किंवा शेताच्या खोलगट जागेत भराव टाकून घरं झाली. तिथे जमिनीतलं पाणी आधीच वर आणि वर खारट.

आपल्या जिल्ह्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे पडलेलं सगळं पाणी जागच्या जागी साठवलं तर उंच माणसाच्या डोक्यावरून जाईल. एवढ्या पाण्याला अडवून धरणारा रंग कुठल्याच डब्यात मिळत नाही. त्याला दुसरीकडे जायला वाट द्यावी लागते.

आधी ओळखा : पाणी येतं कुठून?

ओल चार वाटांनी येते. प्रत्येकीची खूण वेगळी.

१. वरून : भिंतीच्या वरच्या भागात किंवा छताला तपकिरी नकाशा. पाऊस पडला की वाढतो, उघडीप झाली की फिका होतो. फुटलं कौल, पत्र्याचा सैल बोल्ट किंवा स्लॅबची भेग, यातलं काहीतरी.

२. बाजूने : भिंतीच्या मध्येच एका जागी डाग. मागे माती टेकलेली आहे का, शेजारची मोरी किंवा नळाचा पाइप आहे का, ते बघा. भर एप्रिलमध्येही तो डाग ओला असेल तर पावसाला दोष देऊ नका, पाइप किंवा मोरी तपासा.

३. खालून : जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सगळ्या भिंतीला सारखा पट्टा आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढरी पूड. याला आपण लोणा लागला म्हणतो. दिव्याची वात जशी तेल वर ओढते तशी वीट जमिनीतलं पाणी वर ओढते. पाणी हवेत उडून जातं आणि त्यातला क्षार भिंतीवर राहतो. जोत्यावर डीपीसीचा थर नसलेल्या जुन्या भिंतींत हे नेहमी दिसतं.

४. हवेतून : जून-जुलैत फरशीला घाम फुटतो. कपाटामागे आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. भिंत आतून कोरडी असते, पण दमट हवा गार भिंतीला लागून पाणी सुटतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात, तसंच.

तिसरी आणि चौथी वाट चटकन वेगळी कळत नाही. त्यासाठी बिनखर्चाची एक परीक्षा आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या. ओल्या जागेचं पाणी पुसून तो भिंतीवर किंवा फरशीवर ठेवा आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला पाणी जमलं असेल तर ओल भिंतीतून किंवा जमिनीतून येते. बाहेरच्या अंगाला जमलं असेल तर ती हवेतली आहे.

आणखी एक सोपं काम. ओलीच्या वरच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी अशा चार रेघा मारल्या की गवंड्याला सांगायला तुमच्याकडे पुरावा असतो. एक पावसाळा थांबावं लागलं तरी चालेल. बंद खोली इतकी वर्षं बंदच होती.

पहिलं काम बाहेरचं

आपली चूक इथेच होते. ओल आत दिसते म्हणून आपण आत काम काढतो. सुरुवात बाहेरून करायची. यातलं बरंच काम घरच्या घरी होतं, आणि हेच सगळ्यात स्वस्त पडतं.

वळचणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर पन्हळ लावा. पागोळ्या पन्हळीतून एका पाइपात आणि पाइप जोत्यापासून लांब. नुसतं एवढं करूनही पुष्कळ खोल्यांची ओल उतरते.

भिंतीला टेकलेली माती, विटांचा ढीग, लाकडं, शेणी सगळं हलवा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली हवी. मग भिंतीलगत दोन-तीन फूट रुंद कोबा घालून घ्या, उतार बाहेरच्या बाजूला. भांडी घासायची जागा आणि मोरीचं पाणी त्या भिंतीपासून दूर न्या. शोषखड्डा खोलीपासून दहा फूट तरी लांब असावा, आणि विहिरीपासून तर खूपच लांब.

टेकाडाकडून पाणी येत असेल तर वरच्या अंगाला चर खणा. एक फूट रुंद, दीड फूट खोल, भिंतीपासून तीन फूट अंतर सोडून. दहा फुटांना एक-दीड इंच उतार द्या, चर खडीने भरा आणि तिचं तोंड खालच्या बाजूला मोकळं ठेवा. पाणी भिंतीपर्यंत पोचण्याआधीच खडीतून निघून जातं.

एक धोका लक्षात ठेवा. पायाला लागून खणायचं नाही आणि पायाच्या तळापेक्षा खोल तर कधीच नाही. पायाखालची माती सुटली की भिंत बसते. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. त्यामुळे भिंतीला आरपार तिरकी भेग असेल, भिंत पोट काढून उभी असेल, तर आधी इंजिनियरला दाखवा. त्या खोलीत रंगाचा विचार नंतर.

मग फरशी

रस्त्याखाली गेलेल्या खोलीला फरशी उचलण्याशिवाय उपाय नाही. नवी फरशी रस्त्याच्या निदान सहा इंच वर यायला हवी. पण आधी टेप घेऊन उंची मोजा. राहायच्या खोलीला फरशीपासून छतापर्यंत पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट उंची असावी असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. आज खोली नऊ फूट आहे आणि फरशी दीड फूट उचलायची आहे, तर साडेसात फूट उरेल. पंखा डोक्याला लागेल आणि पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघाल. म्हणजे छतही उचलायला लागेल. तो खर्च परवडत नसेल तर ती खोली सामानासाठीच ठेवा.

फरशीचे थर खालून वर असे असतात : मुरूम, दर सहा इंचाला पाणी मारून धुमसाने ठोकलेला. त्यावर दगडांचं सोलिंग. त्यावर इंचभर वाळू, म्हणजे दगडाच्या टोकाने प्लास्टिक फाटणार नाही. त्यावर २५० मायक्रॉनचा जाड प्लास्टिक कागद. त्यावर तीन-चार इंच काँक्रीट, मग फरशी.

प्लास्टिकच्या दोन तुकड्यांचा जोड एकमेकांवर फूटभर चढलेला हवा. कडा भिंतीवर नव्या फरशीच्या उंचीपर्यंत वळवून घ्या, नाहीतर ओला भराव भिंतीला टेकून ओल आणखी वर चढवेल. गवंडी म्हणेल, “एवढं कशाला, ताई?” तरी काँक्रीट पडण्याआधी स्वतः उभं राहून बघा. एकदा झाकलं की कोणाला दिसत नाही.

वाळूकडेही लक्ष द्या. खाडीची खारट रेती स्वस्त मिळते, पण तिच्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं तशी ती भिंत ओली होते. शिवाय सळईला गंज चढतो तो वेगळाच.

भिंत : घाई नको

लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेघेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत काढून टाका. विटांमधले सांधे खरवडा. पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. ती पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत विटेत जातो. हे काम घरच्यांना जमतं. तोंडाला रुमाल बांधा, लहान मुलांना लांब ठेवा.

आता भिंत उघडी राहू द्या. भिंत वाळायला इंचाला एक महिना असा जुना ढोबळ हिशेब आहे. नऊ इंची भिंतीला त्या हिशेबाने नऊ महिने लागतील. आपल्या उन्हात थोडं लवकर होईल, पण दसऱ्याला गिलावा काढून दिवाळीत रंग, हे होणार नाही. दिवाळीनंतर काढा, उन्हाळाभर वाळू द्या आणि मे महिन्यात गिलावा करा, म्हणजे निदान एक पूर्ण कोरडा हंगाम मिळेल.

नवा गिलावा श्वास घेणारा हवा. चुन्याचा किंवा चुना मिसळलेला. वरून चुन्याचा हात किंवा साधा डिस्टेंपर. खालून ओल येणाऱ्या भिंतीवर घट्ट सिमेंट, टाइल्स किंवा ऑइलपेंट लावला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते आणखी वर चढतं. चार फूट टाइल्स लावल्या आणि पाचव्या फुटावर पोपडे आले, असं घर तुम्हीही बघितलं असेल. त्याचं कारण हेच.

कुडाची भिंत असेल तर तिच्यावर सिमेंट थापू नका. कारवी आतून कुजते आणि कळत नाही. तिथे जोतं उंच, वळचण लांब आणि शेणामातीचं सारवण हेच बरोबर.

वारा, वीज आणि गॅस

खोली कोरडी झाली म्हणजे राहण्यासारखी झाली असं नाही. तीन गोष्टी राहतात, आणि त्या जिवाशी आहेत.

वारा : आपल्यासारख्या दमट, उष्ण भागात खिडक्यांची जागा फरशीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावी. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट, तर खिडक्या मिळून २० चौरस फूट. चार फूट बाय अडीच फुटाच्या दोन खिडक्या झाल्या. शक्य असेल तर समोरासमोर. कपाट, पलंग भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. ओले कपडे आत वाळत घालू नका.

ओल आणि बुरशी असलेल्या घरात खोकला, दम, दमा यांचा त्रास वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. बुरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, कोरडी झाडू नका. ब्लिचिंग आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड एकत्र कधीही करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

वीज : ओल्या भिंतीतली वायर म्हणजे भिंतीलाच करंट. वायरिंग परवानाधारक वायरमनकडून नवी करून घ्या. बोर्ड कोरड्या भिंतीवर, छातीच्या उंचीला. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावाच. करंट गळायला लागला की तो क्षणात पुरवठा तोडतो. दुसरीकडे काटकसर करा, इथे नको.

गॅस : सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, फरशीवर साचतो. रस्त्यापेक्षा खाली असलेल्या खोलीतून त्याला बाहेर पडायला वाटच नसते. मग एक काडी पुरते. म्हणून फरशी उचलल्याशिवाय अशा खोलीत सिलिंडर ठेवू देऊ नका, भाडेकरूला तर आधीच सांगा. फरशी उचलल्यावरही जमिनीलगत बाहेर उघडणारी जाळी ठेवा. आणि खोली वाळवायला बंद दारात कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. तिचा वायू दिसत नाही, वासही येत नाही आणि झोपेत माणूस जातो.

कर्जाचा हिशेब

समजा समूहातून ४०,००० रुपये घेतले, महिना १ टक्का व्याज, शिल्लक रकमेवर. वीस महिन्यांत फेडायचे. दर महिन्याला मुद्दल २,०००, पहिल्या महिन्याचं व्याज ४००. म्हणजे पहिला हप्ता २,४०० आणि पुढे दर महिन्याला २० रुपयांनी कमी. एकूण व्याज ४,२०० रुपये.

खोली बारा महिने भाड्याने गेली तर भाडं हप्ता ओढेल. पण ओल परत आली आणि भाडेकरू जूनमध्ये सोडून गेला, तर चार महिने हप्ता तुमच्या मजुरीतून किंवा भाजीच्या पैशातून जाईल. पावसाळ्यात कामही कमी असतं. तेव्हा सगळी रक्कम एकदम उचलू नका. पहिला टप्पा बाहेरचं पाणी काढण्याचा, छोट्या रकमेचा. एक पावसाळा बघा, पेन्सिलच्या रेघा बघा. ओल उतरली तर दुसरा टप्पा फरशी, भिंत आणि विजेचा. नाही उतरली तर मोठं कर्ज वाचलं असं समजा.

काम काढण्याआधी ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा, खोलीची नोंद कोणाच्या नावावर आहे. उंची वाढवायची तर परवानगीचं विचारा. भाड्याने देताना करार लेखी करून नोंदवा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो नोंदवणं बंधनकारक आहे. तोंडी बोलण्यावर खोली देऊ नका.

रस्त्याचं काय?

खोली तुम्ही उचलाल, आणि पाच वर्षांनी रस्ता पुन्हा वर येईल. हे एकट्या घराने थांबत नाही. नवा रस्ता करताना जुना थर खरवडून काढावा, गटाराचा तळ घरांच्या जोत्यापेक्षा खाली असावा आणि गटाराला शेवटपर्यंत उतार असावा, या तीन मागण्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे हा ठराव मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि मग ग्रामसभेत वाचा. एका गल्लीतल्या दहा खोल्यांची ओल एका ठरावाने कमी होत असेल तर ते दहा कर्जांपेक्षा स्वस्त आहे.

बैठकीत कर्ज मंजूर करण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. पाणी वरून, बाजूने, खालून की हवेतून? प्लास्टिकची परीक्षा केली का?
२. पन्हळ, कोबा आणि मोरीचं पाणी हे बाहेरचं काम झालं का?
३. फरशी रस्त्याच्या वर येईल का? आल्यावर उंची किती उरेल?
४. भिंत वाळायला वेळ ठेवला आहे का?
५. खिडक्या किती? आरसीसीबी आणि अर्थिंगचा खर्च अंदाजपत्रकात आहे का?
६. सिलिंडर कुठे राहील?
७. पावसाळ्यात खोली रिकामी राहिली तर हप्ता कशातून जाईल?

सातही उत्तरं नीट आली तर कर्ज द्यायला हरकत नाही. सातव्याला ताई गप्प बसली तर तिला नाही म्हणू नका. तिच्यासोबत जाऊन खोली बघा, आणि बाहेरच्या भिंतीपासून सुरुवात करा.